सिकलसेलचं ॲनिमेशन आणि त्याचा वेग: प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर

विज्ञान दिनाचं, म्हणजे २८ फेब्रुवारीचं, मॅडमचं व्याख्यान ठरलं. विषय सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारखी वाकवणारा आनुवंशिक आजार. समोर आपले बी.एस्सी.चे विद्यार्थी असतील आणि धडगाव, अक्कलकुवा भागातल्या आशा ताईही येणार आहेत. स्लाइड मॅडम करतील, रेणूंची ॲनिमेशनं माझ्याकडे आहेत.

नंदुरबारात हा विषय पुस्तकापुरता राहत नाही. सातपुड्यातल्या कितीतरी घरांत हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. आमच्या वर्गात बसणाऱ्या काही मुलामुलींच्या घरातही आहे. तेव्हा पडद्यावर जे हलेल ते नुसतं सुंदर दिसून चालणार नाही, कळायला हवं.

विभागाच्या संगणकावर एक जुनी चित्रफीत आहे. दिसायला देखणी, पण सगळं एका दमात: कॅमेरा फिरतो, ऑक्सिजन सुटतो, एक रेणू दुसऱ्याला चिकटतो, धागा वाढतो, पेशी वाकते. मॅडम "बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल" एवढं म्हणेपर्यंत तिकडे पेशी विळ्यासारखी वाकून झालेली असते. मग त्या माउस घेऊन पट्टी मागे ओढतात आणि नेमकी जागा सापडत नाही. म्हणून या वेळी रंग, प्रकाश, सावल्या नंतर. आधी वेग.

५ डिसेंबर

लाल पेशीत ऑक्सिजन वाहणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन, त्याच्या रचना प्रोटीन डेटा बँक या सार्वजनिक संग्रहातून उतरवून घेतल्या. खालची नावं म्हणजे तिथले नोंद क्रमांक. ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनसाठी २डीएन१ आणि सोडलेल्यासाठी २डीएन२. दोन्ही २००६ च्या, १.२५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईच्या (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग म्हणजे १ अँगस्ट्रॉम). सिकल हिमोग्लोबिनसाठी २एचबीएस. तिच्यात दोन पूर्ण रेणू शेजारी शेजारी मिळतात आणि एकाचं व्हॅलिन, म्हणजे बीटा साखळीतलं ते सहावं अमिनो आम्ल, दुसऱ्याच्या खोबणीत बसलेलं प्रत्यक्ष दिसतं. त्या खोबणीत फेनिलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ आहेत, व्हॅलिन धरून तिघंही पाण्यापासून दूर राहू पाहणारे. निरोगी माणसात व्हॅलिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. ते भारित असल्यामुळे त्या खोबणीत रमत नाही.

आणखी एक गोष्ट विसरायला नको. प्रत्येक रेणूत अशी दोन व्हॅलिन आहेत, पण बाजूच्या रेणूला धरून ठेवायला त्यातलं एकच कामी येतं. दोन्ही एकाच वेळी चमकवली तर बघणारा गोंधळेल.

११ डिसेंबर

आज दिवसभर कागदावर हिशेब. रेणू पडद्यावर दाखवणारं चिमेराएक्स हे सॉफ्टवेअर उघडलंच नाही.

ऑक्सिजन सुटल्यावर हिमोग्लोबिनचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरतो. या बदलाला लागतात सुमारे २० मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे १ मायक्रोसेकंद). पडद्यावर तो मी ४ सेकंदांत दाखवणार, म्हणजे १ सेकंदाला ५ मायक्रोसेकंद, खऱ्यापेक्षा २ लाख पट हळू. ठीक आहे. पण आता पेशीकडे यायचं. लाल पेशीला केशवाहिनीतून पार व्हायला साधारण १ सेकंद लागतो. तो सेकंद याच गतीने दाखवायचा म्हटलं तर प्रेक्षकांना २ लाख सेकंद बसवावं लागेल, म्हणजे दोन दिवस आणि साडेसात तास.

उलट टोकाला अणूंची थरथर आहे. रासायनिक बंधाचं एक कंपन काही फेम्टोसेकंदांत, म्हणजे मायक्रोसेकंदाच्याही काही अब्जांशांत, होऊन जातं. ती खऱ्या प्रमाणात दाखवायची तर ४ सेकंदांच्या तुकड्यात इतकी कंपनं येतील की पडद्यावर फक्त धूसर डाग दिसेल.

म्हणजे एका घड्याळात हे सगळं बसत नाही. जुन्या चित्रफितीत घड्याळ गुपचूप बदलत होतं आणि बघणाऱ्याला वाटत होतं की सगळं एकाच चालीने घडतंय. आपण घड्याळ बदलायचं ते सांगून. प्रत्येक दृश्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ओळ राहील: "इथला १ सेकंद = खरे ५ मायक्रोसेकंद". दृश्य बदललं की ओळ बदलेल आणि बदलताना क्षणभर ठळक होईल.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "ही ओळ मी वाचून दाखवणार. प्रत्येक वेळी. मुलं वैतागली तरी चालतील."

१२ डिसेंबर

कालच्यात एक भर. पहिल्या स्थितीतून दुसरीत जाताना चिमेराएक्समधलं मॉर्फ मधल्या पायऱ्या स्वतः भरून काढतं. रेणू नेमका त्याच वाटेने जातो असा त्याचा अर्थ नाही. सुरुवात आणि शेवट प्रयोगातून आलेले, मधला प्रवास गणिताने जोडलेला. हे स्लाइडवर एका ओळीत लिहायचं ठरलं.

१९ डिसेंबर

काही नियम ठरले. का ठरले तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी बदल केला तर विचार करून करेल.

कॅमेरा आणि रेणू एकाच वेळी हलणार नाहीत. रेणूत १५ अंशांचं फिरणं दाखवायचंय आणि कॅमेराही फिरतोय, तर बघणाऱ्याने कुठलं फिरणं खरं मानायचं? आधी कॅमेरा जागेवर येईल, थांबेल, मग रेणू हलेल.

हालचाल धाडकन सुरू होणार नाही आणि धाडकन थांबणार नाही. सुरुवातीला मंद, मधे वेग, शेवटी पुन्हा मंद. डोळा हलणाऱ्या वस्तूला पकडेपर्यंत पहिला काही काळ निघून जातो. एकसारख्या वेगात तोच वाया जातो. मात्र हा चढउतार डोळ्यासाठी आहे, रेणूचा गुणधर्म म्हणून तो सांगायचा नाही.

हिम म्हणजे हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन धरणारा भाग. त्यातल्या लोहाचं सरकणं हा वेगळा प्रश्न आहे. तो सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम सरकतो. अख्खा रेणू ६० अँगस्ट्रॉमच्या आसपास. पडद्यावर रेणू ६०० पिक्सेल रुंद ठेवला तर लोह सरकेल ४ पिक्सेल. आपल्या सभागृहातला प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा, शेवटच्या रांगेला ४ पिक्सेल दिसणं शक्य नाही. कितीही हळू केलं तरी दिसणार नाही, कारण अडचण वेगाची नाहीच, अंतराची आहे. म्हणून तिथे जवळून वेगळं दृश्य.

२३ डिसेंबर

थांबे कुठे ठेवायचे यावर मॅडमशी लांब बोलणं झालं.

एक मार्ग असा की थांबा चित्रफितीतच भरायचा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ३ सेकंदांच्या थांब्यासाठी तीच फ्रेम ७५ वेळा. मला तो पटत नाही. कुणी प्रश्न विचारला तर ३ सेकंद पुरत नाहीत, आणि सगळ्यांना कळलेलं असेल तर ३ सेकंदसुद्धा जड होतात. दुसरा मार्ग म्हणजे दर थांब्याला तुकडा संपवायचा. शेवटची फ्रेम पडद्यावर तशीच राहते आणि मॅडम क्लिक करतील तेव्हा पुढचा तुकडा सुरू होतो. आधीच्याची शेवटची आणि पुढच्याची पहिली फ्रेम हुबेहूब एक असली की सांधा दिसत नाही.

रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांचा २००१ चा प्रयोग मॅडमनी सांगितला. वीज कशी पडते याचं ॲनिमेशन त्यांनी १६ तुकड्यांत कापलं होतं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर स्वतः बटण दाबून पुढे जाता आलं, त्यांनी समजेवर आधारलेले प्रश्न जास्त चांगले सोडवले. तिथे बटण शिकणाऱ्याच्या हातात होतं, आपल्याकडे ते बोलणाऱ्याच्या हातात असेल. त्यामुळे मॅडमना पडद्याकडे नाही, चेहऱ्यांकडे बघत क्लिक करावं लागेल. त्यांनी ते मान्य केलं. रिमोट मागवला.

४ जानेवारी

पहिली तीन दृश्यं तयार: रेणूची ओळख, ऑक्सिजन सुटणं, व्हॅलिन खोबणीत बसणं. आता चौथं, धागा तयार होणं.

इथे मी अडले आहे, आणि अडण्याचं कारण इतकं मोलाचं आहे की ते पूर्ण लिहायला हवं.

ऑक्सिजन सुटला की सिकल हिमोग्लोबिनचे धागे लगेच बनत नाहीत. आधी एक थांबा असतो. त्या वेळात काहीच घडत नाही असं नाही. रेणू एकमेकांना भेटतात, दोन-चार चिकटतात, पुन्हा सुटतात. पुरेसं मोठं बीज जमेपर्यंत हे असंच चालतं. एकदा बीज टिकलं की धागा भराभर वाढतो, त्याच्या अंगावरच नवी बीजं धरतात, त्यांतून आणखी धागे फुटतात. एकेक पूर्ण धागा १४ सरींचा. बघता बघता पेशी ताठ होते.

हा थांबा किती लांब हे पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर ठरतं, आणि तेही विलक्षण तीव्रतेने. हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी १९७४ साली दाखवलं की थांबा दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दाटपणा जास्त असेल तर हा घात पंधराच्या आसपास उतरतो. पंधरावा घात धरला तरी काय होतं? हिमोग्लोबिन फक्त ५ टक्क्यांनी पातळ झालं तर थांबा दुपटीहून लांबतो. ५ टक्क्यांनी दाट झालं तर निम्म्यावर येतो.

आणि केशवाहिनी पार करायला लागतो साधारण एक सेकंद. थांबा त्याहून लांब असेल तर पेशी वाकायच्या आत फुफ्फुसाकडे निघते, ऑक्सिजन मिळतो आणि धोका टळतो. बहुतेक पेशी रोज अशाच वाचतात. थांबा आखूड असेल तर पेशी त्या अरुंद नळीतच ताठ होते.

म्हणजे या दृश्यात थांबा हाच विषय आहे. कुठलीही चित्रफीत तो कापून टाकेल, कारण त्यात 'काही होत नाही'. तो कापला की प्रेक्षकाला वाटणार, ऑक्सिजन सुटला की पेशी वाकलीच. मग पाणी पिण्याचा सल्ला, औषध, यांतलं काहीच का चालतं ते कळणार नाही.

७ जानेवारी

आदल्या नोंदीतून पुढे. इतर सगळ्या दृश्यांत आपण वेग मॅडमच्या हातात दिला. या दृश्यात तो देता येणार नाही. मॅडमनी थांबा मधेच लांबवला किंवा आखडला तर आकडाच बदलतो. इथे वेग रेणूचा.

ठरवलेलं घड्याळ: पडद्यावरचे १० सेकंद = खरा १ सेकंद. वरच्या पट्टीत केशवाहिनीतून सरकणारी पेशी, ती १० सेकंदांत पार होते. खालच्या मोठ्या चौकटीत तिच्या आतले रेणू. हेच दृश्य वेगवेगळ्या दाटपणाने तीनदा, म्हणजे तीन धावा. नेहमीच्या दाटपणाचा थांबा उदाहरणादाखल १ सेकंद धरला, म्हणजे पडद्यावर १० सेकंद. ५ टक्के पातळ केल्यावर सुमारे २२ सेकंद, पेशी तोवर केव्हाच बाहेर. ५ टक्के दाट केल्यावर ५ सेकंदांहून थोडं कमी, पेशी अर्ध्या वाटेत असतानाच आत धागे. प्रत्यक्षात प्रत्येक पेशीचा थांबा वेगळा असतो, हेही खाली लिहायचं.

मॅडमची शंका रास्त होती. "२२ सेकंद पडद्यावर काही झालं नाही तर पोरं म्हणतील लॅपटॉप अडकला." त्यावर उत्तर असं: रेणू सतत हलत राहतील, लहान गुच्छ जमतील आणि फुटतील, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत राहील. या दृश्यात मॅडमनी बोलायचं नाही, ही माझी विनंती. त्या हसून म्हणाल्या, "बावीस सेकंद मी गप्प? बरं, राहीन."

१४ जानेवारी

संक्रांत. विभागात तिळगूळ. चौथं दृश्य ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडरला, म्हणजे अंतिम चित्रं काढायला, लावलंय. प्रत्येक फ्रेम वेगळं चित्र म्हणून साठवली जाते, त्यामुळे वीज गेली तरी झालेल्या फ्रेम राहतात.

२० जानेवारी

विभागात पहिली चाचणी. पाच-सहा विद्यार्थी, दोन शिक्षक आणि लॅब अटेंडंट नाना. नानांना मुद्दाम बसवलं. त्यांनी याआधी हिमोग्लोबिनचं चित्र पाहिलेलं नाही आणि ते भीड न ठेवता बोलतात.

दुसऱ्यावरून तिसऱ्या दृश्यात जाताना कॅमेरा रेणूच्या मागे जातो. तिथे नानांनी हात वर केला, "पोरी, तो पिवया कथा गया? आत्ते तं व्हता."

पिवळं व्हॅलिन कॅमेरा वळल्यावर रेणूआड गेलं होतं. विद्यार्थी गप्प होते, पण नंतर विचारल्यावर त्यांच्यातल्या दोघांनीही तेच सांगितलं. आता कॅमेरा असा वळेल की व्हॅलिन एक क्षणही नजरेआड होणार नाही, आणि वळताना बाकी सगळा रेणू फिका पडेल. वळण २ सेकंदांचं होतं, ते ५ केलं.

चौथ्या दृश्यात नाना पुढे सरकून बसले. तिसरी धाव संपल्यावर म्हणाले, परत दखाड.

२९ जानेवारी

तांत्रिक नोंद, पुढच्या माणसासाठी.

सभागृहातला लॅपटॉप जुना आहे. त्यावर थेट चिमेराएक्स चालवायचा विचार सोडला, हालचाल अडखळते आणि अडखळण्याचा वेग आपल्या हातात नसतो. सगळे तुकडे एच.२६४ चित्रफिती करून पॉवरपॉइंटमध्ये टाकले, एका स्लाइडवर एक. प्रत्येक स्लाइडवर चित्रफितीच्या जागी तिचीच पहिली फ्रेम पोस्टर म्हणून लावली, म्हणजे सुरू होण्याआधी काळी चौकट दिसत नाही.

चौथ्या दृश्यात मागे जाऊन दाखवावं लागेल, म्हणून तिथे बुकमार्क ठेवले. चित्रफीत साधारण पद्धतीने दाबली तर पूर्ण साठवलेल्या फ्रेम दूर दूर पडतात आणि बुकमार्कवर उडी मारताना चित्र अडखळतं. एफएफएमपेग या चित्रफिती दाबणाऱ्या प्रोग्राममध्ये पूर्ण फ्रेमचं अंतर कमी केलं, फाइल मोठी झाली, उडी साफ बसते.

कुठलाही तुकडा हळू करायचा असेल तर तयार चित्रफीत ताणू नये. ताणल्यावर एकतर त्याच फ्रेम दोनदा येतात आणि हालचाल झटके देते, नाहीतर संगणक मधल्या फ्रेम अंदाजाने रंगवतो आणि अणूंच्या कडा विरघळतात. अणूची कड हीच तर इथली माहिती. पुन्हा रेंडर करावं, वेळ लागला तरी.

८ फेब्रुवारी

धडगावला जाऊन आले. आशा ताईंची बैठक होती, तिच्या शेवटी अर्धा तास मिळाला. घाटात थंडी, खोलीत पडद्याऐवजी चुन्याची भिंत.

पहिली तीन दृश्यं मी मराठीत सांगत होते आणि एक ताई पावरीत सांगत होत्या. म्हणजे प्रत्येक थांब्यावर दुप्पट वेळ. थांबा चित्रफितीत भरला असता तर हे जमलंच नसतं. क्लिक आमच्या हातात होतं म्हणून दोन भाषा बसल्या.

चौथ्या दृश्यात दुभाष्या ताईही थांबल्या. कुणी बोललं नाही. पहिल्या धावेत धागे फुटले तेव्हा मागून एक ताई म्हणाल्या, "दूध उतू जातं तसं. बघत असतो तोवर काही नाही, मग एकदम."

मग प्रश्न आले. सगळ्यात महत्त्वाचा हा: "ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्यात परत येतात तेव्हा दुखणं का वाढतं?" मी तिसरी धाव पुन्हा लावली. ऊन, घाम, पाणी कमी. शरीरातलं पाणी घटलं की पेशीतलंही घटतं, आतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि थांबा आखडतो. ५ टक्क्यांचा फरक आणि पेशी अर्ध्या वाटेत अडकली. त्या ताई बराच वेळ भिंतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आम्ही पाणी प्या म्हणतो, लोक विचारतात पाण्याने काय होणार. हे दाखवता येईल का फोनवर?"

येईल. तीन धावांचा वेगळा, कमी आकाराचा तुकडा करायचा. घड्याळाची ओळ त्यात मोठी हवी.

२५ फेब्रुवारी

सभागृहात तालीम. दुपारी पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन येतं, फिकी केलेली रेणूची बाजू पार दिसेनाशी होते. फिकेपणा कमी केला, खिडक्यांना कापड. मॅडमना रिमोटची सवय झाली.

२८ फेब्रुवारी

व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं.

मॅडमनी सुरुवात १९४९ पासून केली. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलला रेणूचा आजार म्हटलं, पुढे व्हर्नन इंग्राम यांनी फरक एका अमिनो आम्लावर आणून ठेवला. मग आमची दृश्यं. व्हॅलिन खोबणीत बसलं त्या फ्रेमवर त्या खूप वेळ थांबल्या. तालमीत तिथे त्या लगेच पुढे जात. नंतर म्हणाल्या, तिसऱ्या रांगेतली एक मुलगी वहीत चित्र काढत होती, तिचं होईपर्यंत थांबले.

२२ सेकंदांच्या धावेत मॅडम खरंच गप्प राहिल्या. पेशी अर्ध्या वाटेत असताना कुजबुज सुरू झाली, ती बाहेर पडली तेव्हा थांबली. एका विद्यार्थ्याने उभं राहून विचारलं, "मॅडम, मग औषधाने हा वेळ वाढवता येतो का?" हा प्रश्न त्या दृश्यातूनच आला. मॅडमची पुढची स्लाइड हायड्रॉक्सीयुरियाचीच होती.

४ मार्च

सगळे तुकडे, मूळ फ्रेमची चित्रं, चिमेराएक्सच्या आज्ञांच्या फाइली आणि घड्याळाचे हिशेब एका फोल्डरमध्ये ठेवले. फोनवरचा तुकडा धडगावच्या ताईंना पाठवला. पावरीतला आवाज त्या स्वतः भरणार आहेत. पहिल्या तीन दृश्यांचे थांबे त्या बोलतील तसे कापायचे. चौथ्याचे आकडे आहेत तसेच राहतील, हे त्यांना सांगितलं आहे.

आता चौथी धाव. हायड्रॉक्सीयुरियाने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं, आणि ते धाग्यात सामील होत नाही. त्याची एक साखळी असलेले मिश्र रेणूही होत नाहीत. म्हणजे पेशी तितकीच भरलेली, पण धाग्याला उपयोगी पडणारे रेणू कमी. यात थांबा किती पट लांबतो याचा हिशेब नुसत्या पातळ करण्यासारखा सरळ नाही. तो नीट जमेपर्यंत रेंडरला लावायचं नाही, असं मॅडमशी बोलून ठरवलं. सोमवारी बसतोय.